अरुण खोपकरांनी लावलेली सवय

रायपूर शहर उत्तरेला संपत आलं की उरला लागतं. रोलिंग मिल, भट्ट्या, ट्रकांच्या रांगा आणि खिडकीत रोज साचणारी काळी धूळ. इथल्या एका कारखान्यात मी देखभालीचं काम करतो. घरात मराठी, कामावर हिंदी, चहाच्या टपरीवर छत्तीसगढी. अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ मी इथे वाचलं, आणि त्याविषयी मराठीत बोलायला शेजारी कुणी नव्हतं. म्हणून त्या पुस्तकाशीच बोलत राहिलो. प्रेम आणि भांडण, दोन्ही त्यातूनच आलं.

हे पुस्तक १९८५ सालचं. सिनेमावरच्या सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि २०१२ मध्ये शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं. मराठीत सिनेमावर प्रेमानं लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. इसाक मुजावरांनी जुन्या चित्रपटांचा इतिहास जपला. शिरीष कणेकरांच्या ‘फिल्लमबाजी’नं तर आमच्या घरात दिलीपकुमारला नातेवाईक करून टाकलं. पण हे लेखन मुख्यतः माणसांचं होतं : नट, गायिका, आठवणी, किस्से. खोपकर स्वतः पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले दिग्दर्शक. ते ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या तीन चित्रपटांपाशी थांबतात आणि विचारतात, हे घडवलं कसं? उजेड, कॅमेऱ्याची चाल, गाण्याचं चित्रीकरण यांतून अर्थ कसा उभा राहतो, हे ते साध्या, नेमक्या मराठीत सांगतात. कथा सांगून झाली की समीक्षा संपली, ही आपली सोयीची समजूत त्यांनी मोडली.

‘कागज के फूल’मधला रिकाम्या स्टुडिओतला प्रसंग मी आधी दोनदा पाहिला होता. मला आठवत होता तो गीता दत्तचा आवाज. खोपकर वाचल्यावर तिसऱ्यांदा पाहिला, तेव्हा वरून उतरणारा उजेडाचा खांब दिसला. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश परतवून तो मिळवला होता. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली : गाणं कुणाच्याच ओठांवर नाही. दोघं लांब उभी राहतात आणि त्यांच्या देहांतून निघालेल्या सावल्यांसारख्या आकृती त्या उजेडात भेटतात. जे बोलता येत नाही ते दोघांच्या वतीनं उजेड आणि तिसरीचाच आवाज बोलतात. हे वाचन माझं आहे, चुकलं असेल तर माझं. पण असं बघायची सवय खोपकरांची.

आमच्या शेडच्या पत्र्याला भोकं आहेत. दुपारी त्यांतून ऊन तिरपं उतरतं आणि धुळीमुळे दिसू लागतं. इतकी वर्षं त्याखालून ये-जा केली, पण उजेड दिसायला हवेत काहीतरी असावं लागतं, हे एका मराठी पुस्तकानं लक्षात आणून दिलं. म्हणून ती धूळ मला सुंदर वाटू लागली असं नाही. ती छातीत जाते. पण ती आता दिसते, आणि दिसलेल्या गोष्टीविषयी गप्प बसणं अवघड जातं.

आता भांडण. ‘तीन अंकी शोकांतिका’ हा आकार फार देखणा आहे, आणि तिथेच मला अडचण वाटते. तीन चित्रपट एका ओळीत लावले की १० ऑक्टोबर १९६४ चा मृत्यू आधीपासून ठरलेला वाटू लागतो. ‘आर-पार’ आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’चा खट्याळ गुरुदत्त या आकारात मावत नाही. ‘साहिब बीबी’च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून अब्रार अल्वींचं नाव आहे. मग तिसरा अंक कुणाचा? या पुस्तकाच्या भरात मी कित्येक वर्षं जॉनी वॉकर पडद्यावर आला की मोबाइलकडे बघायचो. दोष माझा. पण आवडत्या समीक्षकाचा धोका हाच : आपण त्याची नजर उसनी घेतो आणि परत करायचं विसरतो.

इथून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर राजनांदगाव आहे. तिथे १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, समीक्षा आणि कविता हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. मुक्तिबोधांच्या लेखनावरून मणि कौल यांनी ‘सतह से उठता आदमी’ केला. त्याच मणि कौल यांच्या ‘आषाढ का एक दिन’मध्ये कालिदासाची भूमिका खोपकरांची होती. आमच्या भागात मराठी ही अशी दुसऱ्या भाषांच्या शेजारानं जगते.

खोपकरांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. पण वारसा म्हणताना मला माझ्या पाळीतला बिलासपूरचा वेल्डर आठवतो. मध्यंतरी जेवणाच्या सुट्टीत त्याला ते गाणं मोबाइलवर दाखवलं. पुस्तकाचं नावही सांगितलं नाही. तो पडदा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, “ये लाइट कहाँ से आ रही है, भैया?” मग आम्ही गाणं मागे नेलं आणि पहिल्यापासून लावलं.