प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज : ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा ऐकताना

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सर्वसाधारण मराठी वाचकाला ठाऊक असते ते मराठी भाषेच्या स्तुतीच्या चारदोन ओव्यांपुरते. त्या ओव्या पाठ्यपुस्तकात येतात, भाषादिनाच्या भाषणांत येतात. उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या अभ्यासकांच्या कपाटात राहतात. या ग्रंथाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात स्टीफन्स यांच्या भाषेची, छंदाची आणि संतसाहित्याशी असलेल्या नात्याची चर्चा पुष्कळ आहे. पण हा ग्रंथ मुळात समुदायाला वाचून दाखवण्यासाठी रचलेला आहे, आणि ऐकण्याची कृती म्हणून तो कसा उतरला आहे, हा प्रश्न मागे पडला आहे. लहानपणी कानावर पडलेल्या ख्रिस्तकथेकडे पुष्कळ वर्षांनी परतणाऱ्या श्रोत्याला तर हाच प्रश्न आधी पडतो.

हा प्रश्न पालघर जिल्ह्यातून विचारण्यालाही कारण आहे. वसईपासून केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणूपर्यंतची किल्ल्यांची रांग म्हणजे पोर्तुगीजांच्या उत्तर कोकणातील सत्तेचा माग. 1739 च्या आरंभी तारापूर आणि मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली. सत्ता गेली, पण वसईचा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज राहिला. स्टीफन्स यांचे आयुष्य मुख्यतः गोव्यातील साष्टीत गेले असले (ही साष्टी वसईखाडीच्या दक्षिणेकडच्या आपल्या साष्टीहून वेगळी), तरी थोडा काळ ते वसईतही होते. या किनाऱ्यावर मराठीत ख्रिस्तकथा सांगण्याचा इतिहास पाहू लागलो की त्यांच्यापाशी थांबावेच लागते.

ग्रंथ 1616 साली राचोल येथे छापला गेला, तोही रोमन लिपीत. पुढे 1649 आणि 1654 मध्ये आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही प्रत आज हाती नाही. 1907 साली जोसेफ साल्डान्हा यांनी मंगळूरहून हस्तलिखितांच्या आधारे आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये आली, कारिदाद द्राग यांची 1996 मध्ये आणि फादर नेल्सन फलकाव यांची अर्वाचीन मराठी रूपांतरासह 2009 मध्ये. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन अ‍ॅबट यांनी 1920 च्या दशकात उजेडात आणले. रोमन पाठात चर्चमधील पोर्तुगीज शब्द दिसतात, तर मार्सडेन प्रतीत त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मूळ पाठ कोणता, हा वाद अभ्यासकांत आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच, की छापील मजकूर ज्या लिपीत होता, ती श्रोत्यांपैकी बहुतेकांना परकी होती. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही व्यवस्था ग्रंथाच्या जन्मापासूनच गृहीत होती.

स्वतः स्टीफन्स यांनीही ती गृहीत धरली होती. गद्य प्रस्तावनेत ते सांगतात, की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द त्यांनी टाकले आणि ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे तिथल्या कोकणीतले, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. भाषेची थोरवी गाणाऱ्या ओव्या सगळे उद्धृत करतात. त्याच लेखकाने ‘शुद्ध’ भाषा श्रोत्याच्या कानासाठी मोडली, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. टीकाकाराने आधी पाहावा तो हा निर्णय.

पानावर वाचताना पुराण लांबलेले वाटते. पैले पुराण 36 अवस्वरूंचे, दुसरे 59 अवस्वरूंचे. संबोधने पुन्हा पुन्हा येतात, झालेली गोष्ट पुन्हा थोडक्यात सांगितली जाते, उपमा एकीमागून एक येतात. मोठ्याने वाचू लागलो की यातले पुष्कळसे दोष वाटत नाहीत. ओवीचे तीन यमकी चरण ऐकणाऱ्याला पुढे नेतात आणि चौथा आखूड चरण त्याला थांबून श्वास घेऊ देतो. गेल्या वाचनाला जो आला नव्हता, त्याच्यासाठी पुनरुक्ती असते. आजच्या श्राव्य मालिकांत प्रत्येक भागाच्या आरंभी ‘मागील भागात’ म्हणून सांगतात, त्याच जातीची ही सोय आहे.

परंतु श्राव्य नाट्याची खरी कसोटी दुसऱ्या आवाजात असते. ‘ख्रिस्तपुराणा’चा आरंभ या बाबतीत मराठीतील धाडसी आरंभांपैकी एक मानावा लागेल. एक ब्राह्मण, जो आता ख्रिस्ती झाला आहे, पाद्री गुरूंना म्हणतो, की आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे एखादे पुराण का देत नाही? सगळा ग्रंथ म्हणजे या मागणीला दिलेले उत्तर आहे.

ही मागणी साधी नाही. साष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीला रुदॉल्फ अक्वाव्हिवा आणि त्यांचे चार जेझुइट सहकारी मारले गेले, आणि त्यांचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामी स्टीफन्स पुढे झाले होते. दोन्ही बाजूंची जखम ज्याने जवळून पाहिली, तो लेखक आपल्या ग्रंथाच्या तोंडाशीच एका माणसाला उभे करतो आणि ‘तुम्ही आमचे काढून घेतले’ हे त्याच्या तोंडून वदवतो. वाचकाने हे वाक्य नुसते डोळ्यांखालून घातले तर ती एक औपचारिक चौकट वाटते. दुसऱ्या माणसाच्या आवाजात ते ऐकले, की तक्रार आणि विनंती यांतला ताण स्पष्ट होतो.

पुढे मात्र पुराण या आवाजाला न्याय देत नाही. प्रश्नकर्ता शंका विचारतो, पण उत्तर आधीच तयार असते, आणि उत्तर मिळाल्यावर समाधान मानणे एवढेच त्याचे काम उरते. ज्या देवदेवतांचा पुराणात निषेध होतो, त्यांच्या बाजूने बोलायला कोणीच नसते. येशूच्या दुःखसहनाचा भाग, मरियेचा शोक, गालील प्रांतातल्या काना गावचे लग्न या ठिकाणी स्टीफन्स कथाकार म्हणून उंची गाठतात, कारण तिथे माणसे आपापल्या दुःखातून आणि आनंदातून बोलतात. वादाच्या जागी मात्र एकच माणूस दोन आवाज काढत असल्याचे जाणवते.

ही मर्यादा केवळ सतराव्या शतकाची नाही. अमेरिकेत 1987 पासून चालत आलेली ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन ओडिसी’ ही मुलांसाठीची ख्रिस्ती श्राव्य मालिका पाहा. तिची बैठकही गुरुशिष्यांचीच आहे. मुले गोंधळतात, चुकतात, विचारतात, आणि व्हिटेकर नावाचे वडीलधारे गृहस्थ त्यांना वाट दाखवतात. त्या एका पात्राला आतापर्यंत तीन नटांनी आवाज दिला. पहिले हॅल स्मिथ 1994 मध्ये वारले, त्यानंतर पॉल हर्लिंगर आणि मग आंद्रे स्टोयका. लहानपणी ही मालिका ऐकलेला माणूस मोठेपणी परततो, तेव्हा आधी त्याला बदललेला आवाज खटकतो. मग हळूहळू लक्षात येते, की प्रश्नांची उत्तरे भागाच्या वेळेतच सापडावीत अशी योजना आहे. मुलाला तिचा आधार वाटतो. प्रौढाला मात्र न सुटलेल्या प्रश्नाची उणीव भासते.

याउलट उदाहरण डोरोथी सेयर्स यांचे. बीबीसीने डिसेंबर 1941 ते ऑक्टोबर 1942 या काळात त्यांची येशूच्या जीवनावरची बारा नभोनाट्ये प्रसारित केली. येशूच्या तोंडी रोजच्या बोलण्यातली भाषा येणार, म्हणून प्रसारणाआधीच काही धर्मसंघटनांनी निषेध केला. या मालिकेचे बळ मात्र दुसरीकडे आहे. सेयर्स यांचा यहूदा मूर्ख किंवा निव्वळ लोभी नाही. तो बुद्धिमान आणि ध्येयवादी आहे, आणि आपल्या अपेक्षेतूनच तो संशयाकडे जातो. त्याचा युक्तिवाद ऐकणाऱ्याला क्षणभर पटतो, म्हणून त्याचा घात खरा वाटतो. श्रद्धेचे नाट्य विरोधकाला बोलू दिल्याने दुबळे होत नाही, याचा तो चांगला पुरावा आहे.

स्टीफन्स यांना हे जमण्याजोगे नव्हते असे म्हणता येत नाही, कारण आरंभीच्या ओव्यांत त्यांनी ते करून दाखवले आहे. त्यांच्या काळातील धर्मसत्तेला ते पुढे चालवू देणे शक्य नव्हते. 1684 मध्ये तर त्या सत्तेने स्थानिक भाषाच बंद करण्याचे फर्मान काढले. ज्या बोलीत ब्राह्मणाने पुराण मागितले होते, त्या बोलीवरच बंदी आली.

आज बोईसर-तारापूर परिसरात औद्योगिक वसाहत आहे, 1969 पासून चालू झालेले अणुवीज केंद्र आहे आणि देशभरातून आलेले कामगार आहेत. आसपास वारली, मांगेली, वाडवळी, आणि वसईकडे सामवेदी अशा बोली आहेत. ‘ख्रिस्तपुराण’ इथे पुन्हा ऐकवायचे, तर नुसत्या गौरवाने भागणार नाही. स्टीफन्स यांचे तत्त्व पाळायचे असेल, तर श्रोत्याच्या बोलीतले शब्द मिसळावे लागतील. आणि पहिला अवस्वरू एकाच वाचकाकडून न वाचवता दोघांकडून वाचवावा. प्रश्न विचारणाऱ्याचे वाक्य झाल्यावर थोडे थांबावे, लगेच उत्तराकडे धावू नये. चारशे वर्षांपूर्वीची ती मागणी, आमचे घेतलेत तर आमच्या भाषेत काय देता, ही या पुराणातील सर्वांत नाट्यपूर्ण जागा आहे. तिथे ग्रंथ जेवढा खरा आहे, तेवढा पुढच्या वादविवादात कुठेच राहत नाही. त्याचे मोठेपण आणि त्याची मर्यादा, दोन्ही ठरवायची असतील तर याच जागेपासून आरंभ करावा लागेल.