लक्ष कुणाचे, आणि कशाकडे?

कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घ्यायचे तर पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावे लागते. हे गाव ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, तेथील चिंतांचे असेच झाले. त्या खोल राहिल्या, आणि दिल्लीला दिसले ते मृत्यूंचे आकडे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वार्ता देशभर झाली, तेव्हा २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. सत्तेची नजर वळली की तिजोरीही उघडते. पण ती नजर वळते कशामुळे? दोन चित्रपटांनी हा प्रश्न आपापल्या परीने हाताळला आहे.

अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये (२०१०) नथ्था जीव देणार, एवढ्या बातमीने कॅमेरे आणि पुढारी गावात लोटतात. सरकारी अधिकारी ‘लाल बहादूर’ हातपंप दारात आणून टाकतो, कारण जिवंत माणसासाठी दुसरी योजनाच सापडत नाही! त्याच गावात होरी महतो माती खणताखणता मरतो; त्याच्याकडे कोण पाहणार? उपरोध अचूक खरा. पण शेतात राबणारा नथ्था आपल्या फारसा ओळखीचा होत नाही. कॅमेऱ्यांचा जो दोष दाखवायचा, तोच थोडासा चित्रपटालाही चिकटला आहे.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मात्र घरात शिरतो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाला आपल्या नवऱ्याची, किसनाची, धास्ती वाटू लागते. ती त्याला गोडधोड करून घालते, लहानग्या दिनूला त्याच्या पाठी पाठवते. या पाळतीवर आपण हसतो आणि हसताहसता गलबलतो. सरकारी समिती मेलेल्या शेतकऱ्याचे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. अलकाचे लक्ष माणूस जिवंत असतानाच त्याच्यावर असते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी हे नाते कुठेही रडके होऊ दिलेले नाही.

एक उणीव मात्र जाणवते. शिवी खातो तो पाऊस; आणि कापसाचा भाव काही ढगांतून पडत नाही. धोरण करणारे त्यामुळे थोडे स्वस्तात सुटतात.

तरीही दोहोंत मला अलकाचीच बाजू मोठी वाटते. राज्यकर्त्यांना लक्ष द्यायचेच असेल, तर ते तिच्यासारखे द्यावे: पेरणीच्या आधी, रोजचे, आणि कुणी मेल्याची वाट न पाहता. दिवाळीच्या सुटीत हा चित्रपट मुलाबाळांसह पाहावा; मुलांना दिनू लगेच कळेल.