तामस्तीर्थ आणि खडकातले पाणी

‘श्यामची आई’ या पुस्तकावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे आईच्या थोरवीभोवती किंवा गुरुजींवर होणाऱ्या भावविवशतेच्या आरोपाभोवती फिरते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातील ‘लाडघरचे तामस्तीर्थ’ या प्रकरणाचा येथे वेगळ्या बाजूने विचार करावयाचा आहे.

लाडघर हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेथले पाणी तांबूस दिसते, म्हणून तामस्तीर्थ. नवस फेडण्यासाठी आई श्यामला घेऊन बैलगाडीने तेथे जाते, मायलेक समुद्रस्नान करतात आणि आई त्याला समुद्राला पैसा अर्पण करायला सांगते. जो रत्नाकर आहे त्याला आपण काय द्यायचे, हा मुलाचा प्रश्न. ज्याच्यापाशी सारे आहे त्यालाही आपल्या कृतज्ञतेची खूण म्हणून द्यावे, हा आईच्या उत्तराचा आशय.

एम.ए.च्या वर्गात असताना या प्रकरणाविषयी माझी एक तक्रार होती. समुद्रावर आलेला मुलगा समुद्र पाहतो कुठे? तात्पर्य हाती येते आणि खडक, शेवाळ, पाण्यातले जीव मागेच राहतात. ही एकट्या गुरुजींची गोष्ट नाही. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर ज्याला साद घातली तो समुद्रही मातृभूमीकडे नेणारी वाट आहे. आपल्या साहित्यात समुद्र तीर्थ होतो, विरह होतो, नियती होतो; घोट्याएवढ्या पाण्यातला समुद्र त्या मानाने थोडाच येतो.

तक्रारीला घरचे कारण होते. माझे आजोळ दापोलीकडचे. मुरारमध्ये मे महिन्यात नदीचे पात्र कोरडे पडे, आणि आम्ही पंजाब मेलने मुंबई व पुढे एस.टी.ने आजोळी जात असू. आईला भरतीचे गणित तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेच्या सुमारास ती आम्हाला पहाटेच खडपावर नेई. पाणी दूर ओसरलेले, खडकांच्या खळग्यांत मात्र अडकून राहिलेले. बोट लागताच मिटणारे समुद्रफूल, शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा, पाय कापणारी कालवे. मुरारच्या मुलाला ते दुसरे जगच होते.

इंग्रजीत या अनुभवावर एक अभिजात पुस्तक आहे, एडमंड गॉसचे ‘फादर अँड सन’ (१९०७). त्याचे वडील फिलिप हेन्री गॉस नामांकित निसर्गशास्त्रज्ञ आणि कडवे धर्मनिष्ठ. आई १८५७ साली वारली आणि बापलेक डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. तेथल्या खडकांतील पाण्याची वर्णने वाचताना मला आईचा हात आठवला. येथे मुलगा खरोखर पाहतो आहे, असे वाटले आणि श्याम मला फिका वाटू लागला.

परंतु गॉसचे पुस्तक पुन्हा वाचल्यावर मत बदलले. वडिलांच्या पुस्तकांनी लोकांना किनाऱ्याचे वेड लावले, घरोघरी काचेची मत्स्यपात्रे आली, आणि हौशी संग्राहकांच्या झुंडींनी ते खळगे ओरबाडून नेले. आपण दाखविले म्हणूनच हे घडले, हे पित्याला उमगले होते, असे मुलगा खेदाने सांगतो. म्हणजे नुसती पाहणारी दृष्टी पुरी पडत नाही.

तेव्हा मला माझा अपराध आठवला. एका सुटीत मी शंखातला खेकडा बरणीत घालून चोरून आणला होता. भुसावळच्या आधीच तो मेला आणि डब्यात दुर्गंधी सुटली. आई रागावली नाही. शंख धुऊन तिने वर्षभर देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि पुढच्या मे महिन्यात मला तो त्याच खडपावर ठेवायला लावला. “दुसऱ्या कुणाला घर होईल,” एवढेच म्हणाली. हा खेकडा स्वतःचा शंख करीत नाही, रिकामा शंख शोधून त्यात राहतो, हे मी पुढे जीवशास्त्रात शिकलो. तिला ते पाहून ठाऊक होते.

श्यामच्या आईचा पैसा आणि माझ्या आईचा शंख यांत मला आता अंतर वाटत नाही. गुरुजींच्या प्रकरणात निरीक्षण थोडे, ही उणीव मी आजही मान्य करतो. पण गॉसच्या किनाऱ्याला ज्याची गरज होती ते त्या प्रकरणात आहे: समुद्राकडून नेण्याआधी त्याला देण्याचा विचार. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे कार्यकर्ते ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेऊन हे जीव दाखवीत आले आहेत. तिथेच सागरी किनारा मार्गासाठी २०२० साली हाजी अली व वरळीची प्रवाळे हलवावी लागली. पाहणे आणि राखणे यांची सांगड घालण्याचा प्रश्न असा जिवंत आहे.

गेल्या वर्षी घरी जमलेल्या मुलांना मी हे प्रकरण वाचून दाखविले. सीमाभागातल्या वाचकांना निराळे सांगायला नको, आमच्या मुरारच्या मराठी मुलांना कितीतरी शब्द आता परके झाले आहेत. वाचनानंतर मी आजोळच्या गोष्टी सांगू लागलो, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, खडप म्हणजे काय?” दाखवायला माझ्यापाशी शंखही नव्हता. म्हणून पाटीवर एक खळगा काढला, त्यात पाणी दाखविले आणि तिथीची पाऊणपट कशी करायची ते शिकविले.