‘एकच प्याला’ची शोकांतिका : उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रास्ताविक :
राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकऱ्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग त्यांना पाहता आला नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांमुळे नाटक अमाप गाजले आणि मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून रूढ झाले. या ओळखीमुळे मात्र एक मूलभूत प्रश्न मागे पडला. मूल, सिंधू आणि अखेरीस स्वतः सुधाकर यांच्या मृत्यूस जबाबदार कोण? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

दारू आणि तळीराम :
सर्वांत प्रचलित उत्तर म्हणजे दारू. हे उत्तर स्वीकारल्यास सुधाकर केवळ एका व्यसनाचा बळी ठरतो आणि नाटक प्रचारकथेच्या पातळीवर उतरते. दुसरे उत्तर तळीरामाचे. पहिला प्याला त्यानेच पुढे केला, हे खरे. परंतु तळीराम हा इयागोसारखा कारस्थानी खलपुरुष नाही. त्याला सुधाकराचा सूड घ्यायचा नसतो. जी वाट तो स्वतः चालतो, तीच तो धन्याला दाखवितो. तो निमित्त आहे, कारण नव्हे.

सुधाकराचा अहंकार :
खरे कारण पहिल्या प्याल्याच्या आधीच घडलेले आहे. न्यायालयातील अपमान आणि सनदेवर आलेले गंडांतर सुधाकराला सहन होत नाही. बुद्धिमत्ता व स्वाभिमान हे त्याचे गुणच येथे त्याचे वैरी होतात. ॲरिस्टॉटलने शोकात्म नायकाच्या ज्या प्रमादाचा निर्देश केला आहे, तो येथे मद्यपान नसून अपमान पचविण्याची असमर्थता हा आहे. याच अहंकारापोटी तो सिंधूला माहेरच्या मदतीपासून तोडतो. दळण दळून संसार रेटण्याची वेळ तिच्यावर येते ती दारूमुळे जेवढी, तेवढीच त्याच्या अभिमानामुळे.

मात्र समाजालाही येथे पूर्णतः निर्दोष म्हणता येत नाही. सुधाकर व्यसन सोडण्याचा निश्चय करतो, तेव्हा प्रतिष्ठितांची दारे त्याला बंद आढळतात. सुधारणेचा उपदेश करणारा समाज सुधारलेल्याला जागा देत नाही, हे गडकऱ्यांनी स्पष्टपणे दाखविले आहे. तथापि परत हाती घेतलेला प्याला हा सुधाकराचाच निर्णय आहे.

सिंधूची सहनशीलता :
सिंधूच्या पातिव्रत्याचा गौरव समीक्षेने व प्रेक्षकांनी दीर्घकाळ केला. पतीला वाचविण्यासाठी मरणासन्न सिंधू देते तो खोटा जबाब या गौरवाचा कळस मानला जातो. येथे पुनर्विचाराची गरज आहे. तिचे सोसणे अनर्थ टाळत नाही. उलट शेवटी ते अपराधावरच पांघरूण घालते. याच नाटकातील गीता नवऱ्याच्या वर्तनाविरुद्ध तोंड उघडते. म्हणजे दुसरा मार्ग गडकऱ्यांना ठाऊक होता. पण गीतेला विनोदाच्या प्रांतात ठेवून आदर्शाचे स्थान त्यांनी सिंधूलाच दिले. असे असले तरी सिंधूला दोषी ठरविणे अन्याय्य होईल. ज्या व्यवस्थेने सहन करणे हाच स्त्रीचा धर्म ठरविला, तो दोष त्या व्यवस्थेचा आहे. सिंधूला अपराधी म्हणणारे वाचन आणि तिला देवता म्हणणारे वाचन, दोन्हीही मारणाऱ्या हाताकडे दुर्लक्ष करतात.

निष्कर्ष :
या विवेचनातून कारण आणि उत्तरदायित्व यांत भेद करणे आवश्यक ठरते. कारणे अनेक आहेत : मद्य, तळीराम, समाजाची अनुदारता, पातिव्रत्याचा संस्कार. उत्तरदायित्व मात्र सुधाकराचेच आहे. शीर्षकातील ‘एकच’ हा शब्द प्रत्येक वेळी निवडीचा क्षण सूचित करतो आणि ती निवड प्रत्येक वेळी तोच करतो. अखेरीस विष घेऊन तो स्वतःला शिक्षा देतो. परंतु त्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती मृत मुलाकडून व सिंधूकडून पुन्हा त्याच्याकडेच वळते. ही या शोकांतिकेची नाट्यदृष्ट्या प्रभावी, पण नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारी बाजू आहे. वर्गात हे नाटक शिकविताना करुणरसाबरोबरच या अस्वस्थतेचीही चर्चा झाली, तर नाटकाचे श्रेष्ठत्व उणावणार नाही. ते अधिक स्पष्ट होईल.