परवान्याचे माप : सॉकेट आणि कोअर

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालविणाऱ्या सॉफ्टवेअरचे किती परवाने घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता अंकगणिताचा वाटतो. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. भरलेली सॉकेटे मोजावीत आणि तितके परवाने घ्यावेत, असा व्हीएमवेअर कंपनीचा नियम दीर्घकाळ होता. रिकाम्या सॉकेटाला परवाना लागत नसे. आभासी यंत्राला नेमून दिलेली आभासी सॉकेटेही मोजणीत येत नसत. हे माप सोपे होते व सर्व्हरचे झाकण काढून कोणालाही पडताळून पाहता येई. तथापि सॉकेट हे पात्राचे माप आहे, आतील सामर्थ्याचे नव्हे. एका प्रोसेसरातील कोअर, म्हणजे गणना करणारे घटक, वाढत गेले. 2019 मध्ये एएमडीच्या एपिक प्रोसेसरात त्यांची संख्या 64 झाली. जुन्या मापाने आपले नुकसान होते, ही विक्रेत्यांची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती.

आक्षेप आहे तो त्यांनी योजलेल्या उपायांवर. 2011 मध्ये व्हीएमवेअरने प्रत्येक परवान्याला स्मृतीची मर्यादा जोडली आणि ग्राहकांच्या असंतोषामुळे 2012 मध्ये ती मागे घेतली. एप्रिल 2020 पासून एक परवाना एका प्रोसेसरातील 32 कोअरपुरताच धरला जाऊ लागला. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने ही कंपनी घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविण्यात आली. तिच्या जागी कोअरनुसार वर्गणी आली आणि प्रत्येक प्रोसेसरामागे किमान 16 कोअरची आकारणी ठरली.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. जळगावात मेहरूण तलावाच्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाकडे दोन सॉकेटांचे तीन सर्व्हर आहेत असे समजू. जुन्या नियमाने परवाने सहा. प्रत्येक प्रोसेसर 64 कोअरचा असल्यास 2020 च्या नियमाने ते बारा होतात. उलट, प्रोसेसर 8 कोअरचे असल्यास प्रत्यक्ष कोअर 48, पण आजची आकारणी 96 कोअरची. म्हणजे निम्मे मूल्य अस्तित्वात नसलेल्या कोअरचे. सामर्थ्यानुसार मूल्य हे ज्या मापाचे समर्थन, ते माप अल्प सामर्थ्याच्या यंत्राजवळ येताच आपले तत्त्व सोडते. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2016 पासून कोअरचे माप स्वीकारले, तेव्हा तेथेही प्रोसेसरामागे किमान 8 व सर्व्हरामागे किमान 16 कोअरची अट घातली.

माप बदलले की यंत्राची निवडही बदलते. 16 कोअरचे दोन प्रोसेसर घ्यावेत की 32 कोअरचा एक? सॉकेटाच्या मापाने दुसरा पर्याय निम्म्या परवान्यात बसतो. कोअरच्या मापाने दोन्ही समान. म्हणून काल काटकसरीची ठरलेली खरेदी आज तशी राहीलच असे नाही.

मापाला प्रामाण्य कशाने येते, हा यातील मूळ प्रश्न होय. खानदेशातच पांझरा नदीवरील बंधाऱ्यांच्या फड पद्धतीत लाभक्षेत्राचे फड पाडीत, एका फडात एका हंगामी एकच पीक घेत आणि त्यानुसार पाणी सोडीत. ही वाटणी पाणी वापरणाऱ्यांच्या संमतीने ठरे. म्हणून ती टिकली. परवान्याचे माप मात्र एकच पक्ष ठरवितो व तोच बदलतो.

पर्याय नाहीत असे नव्हे. लिनक्सच्या गाभ्यात 2007 पासून केव्हीएम समाविष्ट आहे. त्यावर आधारलेली प्रॉक्समॉक्स प्रणाली विनामूल्य वापरता येते. साहाय्याची वर्गणी हवी असल्यास ती आजही सॉकेटावर आकारली जाते. अर्थात वाचलेला पैसा काही अंशी प्रशिक्षित मनुष्यबळावर खर्च करावा लागतो. पण तो खर्च संस्थेत ज्ञान ठेवून जातो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी यंत्राची निविदा काढण्यापूर्वी परवान्याचा करार वाचावा, आणि माप बदलल्यास पाच वर्षांचा खर्च किती होईल याचे कोष्टक निविदेलाच जोडावे, हे इष्ट होय.