‘नियंत्रण’ या शब्दाचे दोन अर्थ

‘नियामक पेशींचे जनुकीय नियंत्रण’ ही पदावली व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या मात्र ती संदिग्ध आहे. गंगापूर रोडवरील आमच्या वर्गात ती फळ्यावर लिहिली असता काहींनी ‘पेशींचे’ ही षष्ठी कर्त्याची मानली, काहींनी कर्माची. दोन्ही अर्थ शास्त्राला मान्य आहेत, हीच खरी अडचण होय.

शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वकीयांवरच हल्ला करू नये म्हणून काही टी पेशी त्यांना आवर घालतात, हे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखविले. २००१ मध्ये मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक उजेडात आणले. या पेशींची घडण त्याच जनुकावर अवलंबून असते, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जनुक निकामी झाल्यास बहुधा तान्ह्या वयातच मधुमेह जडतो. येथे ‘नियंत्रण’ हा शब्द यथार्थ ठरतो.

परंतु हा विकार अतिविरळ आहे. नेहमी आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा वाटा सर्वांत मोठा असून आयएल२आरए, सीटीएलए४ आदींचा अल्प असतो. समरूप जुळ्यांपैकी एकास तो झाला तरी दुसऱ्यास होतोच असे नाही. युरोपीय लोकांवरून बेतलेला जनुकीय गुणांक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा सहभाग असलेल्या २०२० च्या अभ्यासात भारतीय रुग्णांनाही लागू पडला, पण किंचित कमी अचूकतेने. म्हणजे येथे जनुके कल दाखवितात, निकाल देत नाहीत.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. मुलाच्या मधुमेहाविषयी ‘जनुकीय नियंत्रण’ हे शब्द ऐकणारी आई त्यांचा अर्थ ‘माझ्या रक्ताचा दोष’ असाच घेण्याचा संभव आहे. आणि आपल्या समाजात असा दोष मातेच्या पदरी टाकावयास फार वेळ लागत नाही. जेथे शास्त्र कल सांगते तेथे भाषेने निवाडा सांगणे हा अपराध होय.

म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना अशी : पेशींच्या कार्यास ‘नियमन’ म्हणावे, अनेक जनुकांच्या अल्प परिणामास ‘प्रभाव’ म्हणावे, आणि ‘नियंत्रण’ हा शब्द एकाच जनुकावर सारे अवलंबून असेल तेथेच योजावा. परिभाषेची काटकसर वाचकाच्या मनःशांतीच्या मोलाने करू नये.