'नाकोयकात्सी' : एका त्रयीचा उणा शेवट

एखाद्या ग्रंथाचा तिसरा खंड वाचून वाचकाची निराशा झाली, म्हणजे तो पहिले दोन खंड पुन्हा काढून पाहतो, आणि त्यांचेंहि आपण भलतेंच कौतुक तर केलें नव्हतें ना, अशी शंका त्याच्या मनांत डोकावूं लागते. गॉडफ्रे रेजिओ या अमेरिकन दिग्दर्शकाच्या तीन अनुबोधपटांविषयीं असेंच कांहींसें झालें आहे. 'कोयानिस्कात्सी' (१९८२) आणि 'पोवाकात्सी' (१९८८) हे दोन चित्रपट ज्यांनीं जीव लावून पाहिले, त्यांना तिसऱ्यासाठीं चौदा वर्षें थांबावें लागलें; आणि २००२ सालीं 'नाकोयकात्सी' आला तेव्हां त्यांतल्या पुष्कळांचा हिरमोड झाला. हे तिन्ही चित्रपट आतां घरच्या पडद्यावर लागोपाठ तीन संध्याकाळीं पाहतां येतात. तसे ते पाहिले असतां तिसऱ्याचें उणेपण अधिकच ठळक होतें. परंतु त्याचा बट्टा पहिल्या दोघांना लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम या चित्रपटांची जात सांगितली पाहिजे. त्यांत कथा नाहीं, पात्रें नाहींत, निवेदकाचा आवाज नाहीं. आहे तें केवळ चित्र आणि फिलिप ग्लास यांचें संगीत. नांवें अमेरिकेंतील होपी या मूळ रहिवाशांच्या भाषेंतून घेतलेलीं आहेत. 'कात्सी' म्हणजे जीवन. पहिल्यांत तोल सुटलेलें जीवन, दुसऱ्यांत दुसऱ्याच्या जिवावर पोसणारें जीवन, आणि तिसऱ्यांत परस्परांच्या हत्येचें, युद्धरूपच होऊन बसलेलें जीवन. निवेदनावांचून अनुबोधपट हा प्रकार आपल्याकडे अगदींच अनोळखी नव्हे. फिल्म्स डिव्हिजनसाठीं सुखदेव यांनीं केलेला 'इंडिया ६७' याच कुळांतला. आणि एकेक चौकट अंतराअंतरानें टिपून तासांचें काम क्षणांत दाखविण्याची जी युक्ति रेजिओच्या पहिल्या चित्रपटामुळें जगभर गाजली, ती दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या अंकुराची वाढ दाखविण्यासाठीं वापरली होती. डोळ्याला जें दिसत नाहीं तें कॅमेरा निव्वळ धीर धरून दाखवूं शकतो, ही गोष्ट त्या लहानशा कुंडीनें आपल्याकडे तेव्हांच सिद्ध केली होती.

'कोयानिस्कात्सी'चें सारें बळ या धीरांत आहे. युटामधील एका दरींत खडकावर रंगविलेल्या प्राचीन मनुष्याकृतींपासून तो सुरू होतो. मग ओसाड कडे, समुद्राच्या लाटांसारखे वाहणारे ढग, धरणानें अडविलेलें पाणी, आणि हळूहळू यंत्रें, रस्ते, शहर. रात्रीच्या रस्त्यावर मोटारींच्या दिव्यांची नदी होते. सरकत्या जिन्यांवरून माणसें कारखान्यांतल्या मालासारखीं पुढें ढकललीं जातात. रॉन फ्रिक यांच्या छायाचित्रणाची ही करामत पाहून कित्येकांनीं या चित्रपटाला वेगाचा चमत्कार म्हटलें. पण त्यांनीं तो अर्धाच पाहिला, असें आम्हांस वाटतें. त्या धांवपळींत मधूनच एक लढाऊ वैमानिक आपल्या विमानापुढें येऊन उभा राहतो. जुगारगृहाच्या झगमगाटांत तेथें काम करणाऱ्या कांहीं स्त्रिया ओळीनें उभ्या राहतात. तीं माणसें आपल्याकडे पाहतात, आपण त्यांच्याकडे, आणि कॅमेरा जागचा हालत नाहीं. शेवटीं एक अग्निबाण आकाशांत फुटतो. त्याचा एक जळता तुकडा गिरक्या घेत खालीं येऊं लागतो, आणि तें खालीं येणें संपतां संपत नाहीं. हा अग्निबाण १९६२ सालचा. म्हणजे तें चित्र रेजिओनें स्वतः घेतलेलें नसून जुन्या संग्रहांतून आणलेलें आहे. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

संगीताविषयीं दोनच शब्द. ग्लास हे तरुणपणीं पॅरिसमध्यें रविशंकरांच्या हाताखालीं काम करून गेलेले, आणि गीतेंतील संस्कृत श्लोकांवर 'सत्याग्रह' (१९८०) हें संगीतक रचणारे. चार-दोन स्वरांची आकृति पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्यांत हळूच एखादी मात्रा वाढते वा घटते. ज्याचा कान तबल्याच्या आवर्तनांत मुरला आहे त्याला तरी तें कंटाळवाणें वाटूं नये.

'पोवाकात्सी'विषयीं लिहितांना आमची लेखणी थोडी लांबते, त्याचें कारण आमचा मुलूख. हा चित्रपट दक्षिणेकडील गरीब देशांतला. भारतहि त्यांत आहे. त्याचा आरंभ ब्राझीलमधील सेरा पेलाडा येथील सोन्याच्या उघड्या खाणींत होतो. चिखलानें माखलेलीं असंख्य माणसें मातीचीं पोतीं पाठीवर घेऊन उभ्या चढणीनें वर येत असतात, आणि त्या गर्दींतून एका जायबंदी सोबत्याला खांद्यांवर घेऊन कांहीं जण वर चढतात. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत राहणाऱ्याला हें चित्र परकें वाटत नाहीं. गाळपाचा हंगाम आला कीं माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरांत बीडकडून कोयते उतरतात. नवराबायकोच्या जोडीला येथें 'एक कोयता' म्हणतात; माणसांची मोजदाद हत्यारानें करणारी ही भाषा रेजिओच्या कानीं पडती, तर त्यानें होपी शब्द सोडून हाच शब्द चित्रपटाला दिला असता! ऊस तोडून मोळ्या बांधल्या म्हणजे बाई डोकीवर मोळी घेऊन, मालमोटारीला टेकविलेल्या अरुंद फळीवरून तोल सांवरीत वर चढते. आपण त्या वाटेनें रोज जातों, आणि रोज पाहतों म्हणूनच पाहत नाहीं. 'पोवाकात्सी' पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशीं ती फळी दिसते.

या चित्रपटानें दारिद्र्याला देखणें करून सोडलें, असा आक्षेप त्यावर घेण्यांत आला. तो अगदींच पोकळ नाहीं. मंद गतीनें दाखविलेलें कोणतेंहि ओझें थोडें हलकें वाटतें, आणि ग्लास यांचा वाद्यवृंद चढला कीं घामाचा वास येईनासा होतो. परंतु शोभा आणि हानि एकाच चौकटींत नांदतात, हें उजनीच्या कांठीं राहणाऱ्याला कोणीं शिकवावयास नको. त्या धरणाच्या पाण्याखालीं पळसदेवचें जुनें देऊळ गेलें, तें उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पुन्हा वर येतें. आणि भिगवणच्या बाजूला त्याच पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हां ते पाहावयास दुरून माणसें दुर्बिणी घेऊन येतात. दोन्ही खरें आहे. 'पोवाकात्सी'मध्यें एक मूल रस्त्याच्या कडेनें चालत येतें, शेजारून प्रचंड मालमोटार जाते, आणि धुरळ्यांत तें मूल दिसेनासें होतें. त्या दृश्याला सुंदर म्हणावें कीं क्रूर, याचा निर्णय आम्हांस अजून करतां आलेला नाहीं.

आतां 'नाकोयकात्सी'. त्याच्यासाठीं पैसा उभा राहीना, म्हणून तो रखडला. अखेर स्टीव्हन सोडरबर्ग या दिग्दर्शकाच्या पाठिंब्यानें तो पुरा झाला. आरंभीं ब्रॉयगेलनें रंगविलेला बाबेलचा मनोरा दिसतो, आणि त्यानंतर डेट्रॉइटचें ओसाड पडलेलें रेल्वे-स्थानक. हा आरंभ भव्य आहे. (संस्कृतीचें प्रेत म्हणून जें स्थानक येथें दाखविलें, तें दुरुस्त होऊन २०२४ सालीं लोकांना पुन्हा खुलें झालें. जगाला रेजिओच्या निकालाची कांहीं पर्वा दिसत नाहीं.) परंतु तेथून पुढें कॅमेरा जणूं घरीं ठेवून दिला आहे. चित्रपटाचा बहुतेक भाग जुन्या संग्रहांतील चित्रांचा आहे, आणि त्यांचे रंग संगणकावर पालटलेले, आकार ताणलेले, एकावर एक थर चढविलेले आहेत. शून्य आणि एक या आंकड्यांचे लोट येतात. झेंडे, कंपन्यांचीं बोधचिन्हें, धांवणारे खेळाडू, कवायत करणारे सैनिक, पुढाऱ्यांचे मेणाचे पुतळे, अणुबाँबचा ढग हीं सर्व येतात आणि जातात. जॉन केन यांचें संकलन चलाख आहे, पण कोणत्याच चित्राला पडद्यावर वस्तीला राहूं दिलेलें नाहीं.

या चित्रपटाचे कैवारी म्हणतात कीं, यांतच त्याचें मर्म आहे. आजचा माणूस डोंगर-नद्यांत राहत नसून चित्रांत राहतो. तेव्हां या नव्या मुलुखाचें चित्रण करावयाचें तर चित्रांचेंच चित्रण केलें पाहिजे. विचार चांगला आहे. २००२ सालापेक्षां आज, प्रत्येकाच्या हातीं पडदा आल्यावर, तो अधिकच पटण्याजोगा आहे. तरीहि चित्रपट वठत नाहीं. चित्रें उसनीं आहेत म्हणून नव्हे. तो फुटलेला अग्निबाणहि उसनाच होता. परंतु तेथें रेजिओनें त्या तुकड्याला पडूं दिलें. येथें प्रत्येक चित्र आपल्यापुढें येण्याआधींच रंगवून, मुरडून, त्याच्या कपाळावर अर्थ लिहून आणलेलें आहे. साक्षीदाराच्या तोंडून शब्द निघण्यापूर्वींच न्यायाधीशानें निकाल वाचावा, तसें हें झालें. शिवाय साधनाचेंहि वय असतें. १९८२ सालचे ढग आज तितकेच ताजे आहेत; २००२ सालचें संगणकी रेखाटन मात्र जुन्या जाहिरातीसारखें दिसूं लागलें आहे. यंत्राच्या मोहावर टीका करणारा चित्रपट यंत्राच्या मोहांत इतका सांपडावा, हें दुर्दैव होय.

सर्वांत मोठी उणीव विषयाच्या बाबतींत आहे. युद्ध म्हणजे केवळ रणांगण नव्हे, आपलें रोजचें जगणेंच युद्ध झालें आहे, असें ज्याला म्हणावयाचें आहे त्यानें तें रोजचें जगणें दाखविलें पाहिजे. नीरेच्या डाव्या कालव्याच्या टोकाशीं इंदापुरांत ज्याचें शेत आहे, त्याला कालव्याचें आवर्तन लांबलें म्हणजे या म्हणण्याचा अर्थ चटकन् कळतो. वरच्या गांवाला पाणी मिळालें आणि आपल्या पिकानें माना टाकल्या, यांत कोणी बंदूक उचललेली नसते. पहिल्या दोन चित्रपटांचा रेजिओ अशा कालव्याच्या कांठीं कॅमेरा घेऊन बसला असता. तिसऱ्यांत तो कोणाच्याच कांठीं बसत नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच २००२ सालचा, युद्धावरचाच, मुंबईच्या आनंद पटवर्धन यांचा 'जंग और अमन' हा अनुबोधपट आहे. १९९८ च्या पोखरण येथील अणुचाचण्यांनंतर भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका येथें हिंडून तो त्यांनीं केला. दोघांची रीत अगदीं भिन्न. पटवर्धन प्रश्न विचारतात, बोलतात, भांडतातहि, आणि त्यांची भूमिका ज्यांना मान्य नाहीं असे वाचक पुष्कळ असतील. म्हणून रीतीची तुलना करणें अन्यायाचें होईल. परंतु अणुबाँब दोघांतहि आहे. पटवर्धनांच्या चित्रपटांत त्याच्या आगींतून वांचलेलीं जपानी माणसें आपल्यासमोर बसून बोलतात. रेजिओच्या चित्रपटांत तो ढग अनेक आकृतींपैकीं एक सुबक आकृति होऊन राहतो. पटवर्धनांच्या चित्रपटावर सेन्सॉर मंडळानें कात्री सुचविली, आणि २००३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो न कापतां दाखविण्यास मोकळीक दिली. 'नाकोयकात्सी'मधील एकहि चौकट कापावी, असें पृथ्वीवरच्या कोणत्याच सरकारला वाटणार नाहीं.

ग्लास यांच्या संगीताला मात्र हा दोष लागत नाहीं. यो-यो मा यांचा चेलो या चित्रपटभर एकट्या माणसासारखा बोलत राहतो, आणि पडद्यावर जो मनुष्य नाहीं तो कानांना भेटतो. हें संगीत ध्वनिमुद्रिकेवर स्वतंत्र ऐकावें. रेजिओनें २०१३ सालीं 'व्हिजिटर्स' नांवाचा आणखी एक चित्रपट केला. त्यांत ८७ मिनिटांत अवघीं ७४ दृश्यें आहेत, तीं कृष्णधवल, आणि बहुतेक निव्वळ चेहऱ्यांचीं; त्यांतला एक चेहरा गोरिला माकडिणीचा आहे, आणि ती आपल्याकडे पाहते तेव्हां नजर आपल्यालाच वळवावी लागते. तो या त्रयींत मोडत नाहीं. तरी ज्यांनीं पहिल्या दोन संध्याकाळीं पहिले दोन चित्रपट पाहिले असतील, त्यांनीं तिसऱ्या संध्याकाळीं हा लावावा, अशी आमची शिफारस आहे.